आसरांच्या बनात लोखंड

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच जमुना बनाच्या शिवेवरच्या दगडापाशी चाळीस आकड्या ओळीनं मांडून बसली. आकडी म्हणजे काय, तर लांब काठी, टोकाला वाकडा फाटा, उंचावरचा वेल ओढून खाली काढायला. महिनाभर अंगणात बसून तिनं एकटीनं तासल्या होत्या. गावात घरं चाळीस म्हणून आकड्या चाळीस. ऊन खांद्यावर आलं, मग डोक्यावर आलं, मग पाठीवर गेलं. एक माणूस आला नाही.

सलग चौथं वर्ष!

धामणझिरी हे गाव बार्शीटाकळीपासून दोन-अडीच कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला हे बन. अंजन, बेहडा, धावडा, मोह, आणि इतकी जुनी झाडं की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आजानंही ती अशीच पाहिलेली. मधोमध एक झिरा, वैशाखातही न आटणारा, आणि त्या झिऱ्यावर साती आसरा, पाण्याच्या सात बहिणी. त्यांचा एकच नियम होता. बनात लोखंड न्यायचं नाही. कुऱ्हाड नाही, विळा नाही, जोड्याला नाल असली तर जोडे बाहेर, कमरेला किल्ली असली तर किल्ली दगडावर. नेलं तर ताप भरतो, रक्त ओकून माणूस जातो. कोण गेला होता असा, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण भीती मात्र अगदी पक्की होती.

आता कुऱ्हाड नाही तर बन सांभाळायचं कसं? त्यासाठी बनाची पाळी. दिवाळी सरली की प्रत्येक घरातून एक माणूस, तीन दिवस. पावसाळ्यात पळसवेल आणि माहूलवेल झाडांवर चढायचे, ते कोवळे असतानाच हातानं आणि आकडीनं ओढून काढायचे. कडेचा पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आत शिरत नाही. चाळीस माणसं, तीन दिवस, वर्षभराची काळजी मिटली. कोवळा वेल हातानं तुटतो. दोन वर्षांचा झाला की ओढताना हातावर वळ येतात. चार वर्षांचा झाला की मांडीएवढा होतो आणि मग तो तुम्हाला दाद देत नाही.

आणि चार वर्षांपूर्वी काय झालं, तर कुठं तरी साता समुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाचा झाला. झालं! ज्वारी मोडून कापसाची पऱ्हाटी, तूर मोडून पऱ्हाटी, गायरानाच्या कडेपर्यंत पऱ्हाटी. दिवाळी म्हणजे ऐन वेचणीचे दिवस. बोंडं फुटून पांढरी झालेली असताना वेल ओढायला कोण येतो?

जमुना राखणदाराची बायको. चांदुराकडून अकरा वर्षांची असताना लग्न होऊन आली. नवरा सुखदेव बनाचा राखणदार, त्याचा बाप राखणदार, त्याचाही बाप. दोन लेकरं झाली, दोन्ही लहानपणीच गेली. सुखदेव गेला त्याला आठ वर्षं झाली, आणि राखणदारी आपोआप हिच्याकडं आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. बुटकी, काळीसावळी, आवाज असा खणखणीत की नाल्यापलीकडचं माणूस दचकायचं. तिला वीसच्या पुढं मोजता यायचं ते वीस-वीसच्या जुड्या करून. पण झाडं तिला नावानं ठाऊक होती. एक वाकडा मोह होता, त्याचं नाव मुका. एक बेहडा नेमका तिच्याच डोक्यात फळं टाकायचा, त्याला ती सासू म्हणायची. आणि झिऱ्यावरचं सगळ्यात उंच अंजन, ती थोरली.

गेल्या आषाढात मुका मोडला. वरून वेलाचं ओझं, त्यात पाणी, त्यात वारा. मोडताना जो आवाज झाला तो तिनं घरात ऐकला आणि भाकर तव्यावर तशीच टाकून ती धावली. मुका बुंध्यापासून चिरून आडवा पडलेला आणि त्याच्यावरचा वेल मात्र हिरवागार, मजेत शेजारच्या धावड्यावर चढून राहिलेला. त्या दिवशी तिला कळलं की अजून दोन पावसाळे, फार तर तीन. मग बन राहत नाही.

म्हणून पाळीच्या त्या दिवशी आकड्या तशाच सोडून ती सरळ पाटलाच्या खळ्यावर गेली. खुशालराव पाटील कापसाच्या ढिगापाशी खाटेवर बसलेले.

"पाटील, पाळी होती आज."

"मले मालूम हाय."

"एक मानूस नाई आलं."

"कोन येईन जमुना? मायी स्वताची पऱ्हाटी उभी हाय, वेचाले बाया भेटत नाईत. बार्शीटाकळीहून आनून राह्यलो, त्या बी सकाळी भाव वाढून मांगतात. तुले पैसे पाह्यजे तं घे. मानूस नको मांगू."

"पैसे वेल वढतील काय?"

पाटील हसले. वाईट माणूस नव्हता हो तो. म्हणाले, "माघात ये. माघात हात मोकळे होतात."

"माघापर्यंत वेल अजून आंगठाभर जाड व्हते. आत्ताच हातानं तुटत नाई."

"मंग आसरायलेच सांग," असं म्हणून पाटलांनी हात झटकला, आणि आजूबाजूच्या बाया खुसुखुसु हसल्या.

त्या बायांमध्ये माणिकबाई होती, जमुनाची शेजारीण. तीसुद्धा हसली. पण दुसऱ्या दिवशी वेचणी अर्धा दिवस बुडवून तीच एकटी आली. दोघी झोंबल्या. दोघींचं मिळून वजन एका वासराएवढं नसेल, त्या एका वेलाला लोंबकळल्या, वेल हलला सुद्धा नाही. माणिकबाईच्या तळहाताची सालं निघाली.

"जमुना, कापूस वेचला तं हातात काई येते वं. ह्या वेलातून काय भेटते? खाज!"

"झाड वाचते."

"झाड वाचते अन् तू मरते," माणिकबाई म्हणाली, पदरानं हात पुसले आणि गेली. परत आली नाही. तिला तरी काय बोलायचं, घरी चार तोंडं होती.

मग जमुना तीन रात्री झोपली नाही आणि चौथ्या दिवशी बार्शीटाकळीला चालत गेली.

तिथं इनायतुल्ला मिस्तरी. गाड्यांची चाकं करायचा. कापूस वाहायला गाड्या पुरेनात म्हणून त्याच्या दारात तेव्हा रांग असायची. वर्षातून एकदा तो धामणझिरीच्या बाजूला लाकूड बघायला यायचा, आणि झिऱ्यावर पाणी प्यायला जाताना आपली सगळी हत्यारं, अगदी कानावरचा खिळासुद्धा, शिवेवरच्या दगडावर काढून ठेवायचा. आसरा त्याच्या कोण लागत होत्या? पण ठेवायचा.

"इनायतभाई, मले एक कुऱ्हाड पाह्यजे. लहान. मायाच्यानं उचलनारी."

"काय तोडतं?"

"बनातले वेल."

त्याचा रंधा थांबला. "लोहा? उस बन में? होश में है क्या, जमनाबाई?"

"होश हाय म्हनून तं आली."

"तुमचंच तं म्हननं होतं ना, रक्त ओकून मरते मानूस?"

"मंग मी मरन. वेल तोडून मरन. तसं बी एकटीच हावो, कोनाचं काय अडते?"

त्यानं रंधा बाजूला ठेवला. मग आतून एक छोटी कुऱ्हाड आणली, धार लावून दिली, फडक्यात गुंडाळली. "किसी को दिखाना मत," एवढंच म्हणाला.

पहिल्या दिवशी तिनं पात्याला हळद लावली. दगडापाशी आली आणि पायच उचलेना. अर्धा तास उभी. शेवटी मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, तुमच्याच घरासाठी करून राह्यली. मारायचं तं मले मारा, झाडायले नोका मारू." आणि आत गेली. थोरलीच्या बुंध्याशी, मांडीएवढ्या पळसवेलावर पहिला घाव घातला, आणि वेलातून लालभडक रस वाहायला लागला. रक्तासारखा! तिनं कुऱ्हाड टाकून दिली आणि जमिनीवर बसून डोळे मिटले. आता येईल, आता येईल.

काही आलं नाही. एक होला घुमत होता. तिनं डोळे उघडले, बोट रसाला लावलं, वास घेतला. झाडाचाच वास. मग उठली आणि दुसरा घाव घातला.

कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. रोज सकाळी कुऱ्हाड पदराखाली, रोज एक वेल, कधी दीड. वर चढायचं नाही, फक्त बुडाशी तोडायचा, वरचा आपोआप सुकतो. तिच्या खांद्यातून कळ यायची, हात वर करून केस विंचरता येईनात. पण जुड्या करून मोजलं तर वीस-वीसच्या तीन जुड्या झाडं मोकळी झाली होती. आणि एके दिवशी पौषातलं कोवळं ऊन थोरलीच्या शेंड्यातून खाली झिऱ्याच्या पाण्यावर पडलं, चार वर्षांत पहिल्यांदा. जमुना तिथंच बसून तंबाखू मळत खदाखदा हसली, एकटीच. तिच्या उरलेल्या आयुष्यात ती इतकी खूश परत झाली नाही.

माघ लागला. वेचणी संपली. घराघरात पैसा खुळखुळत होता. कुणाला नवी गाडी हवी, कुणाला माडी चढवायची, आणि अकोल्याकडं आगगाडीचा रस्ता येतो म्हणून लाकडाला कुठूनही मागणी. वरच्या अंगाला बनातले वेल सुकून पिवळे पडलेले आता गावातून दिसायला लागले. पाटलांनी मारुतीच्या पारावर लोक जमवले आणि जमुनाला बोलावलं.

"जमुना, बनातले वेल सुकून राह्यले. कायनं?"

"म्या तोडले."

"हातानं?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. नाही तर रडून नारळ फोडला असता, पाच बायांना जेवू घातलं असतं आणि ते तिथंच मिटलं असतं. पण ती जमुना होती. आणि तिच्या डोक्यात भलतंच होतं, तिला वाटलं, ह्यांची भीती गेली तर हे येतील. माघात हात मोकळे होतात असं पाटीलच म्हणाले होते ना?

"कुऱ्हाडीनं," ती म्हणाली.

एका म्हातारीनं कानाला हात लावले.

"पाहा मायाकडं! तीन महिने झाले. ताप नाई, खोकला नाई, पायाले ठेच बी नाई लागली. आसरायले समजते वो कोन कायले आलं ते. तुमी उगाच भेता. आता हात मोकळे झाले तुमचे, घ्या कुऱ्हाडी अन् या! चार दिसांत सारं बन मोकळं व्हते!"

पाटलांचा धाकटा भाऊ नत्थुजी मागं बसला होता. कापसाच्या कोठाराला त्याला तुळया हव्या होत्या. तो हळूच म्हणाला, "काईच नाई झालं?"

"काई नाई."

"ठेच बी नाई?"

"नाई म्हनते ना, नत्थुजी!"

"बरं," नत्थुजी म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. चार वर्षं ज्यांची वाट पाहिली ते सगळे. प्रत्येक घरातून एक. जमुनानं शिवेवर उभं राहून दोन जुड्या मोजल्या, बरोबर चाळीस, आणि तिचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत त्यांनी खरंच वेल तोडले, हसत, थट्टा करत. "जमुना, भाकर कोन देते?" "देते ना रे मुडद्या, आदी काम कर!" अशी मजा चालली होती. मग जेवणं झाली. मग नत्थुजी उठला आणि थोरलीच्या बुंध्याला कवेत घेऊन मापायला लागला.

"वेल तिकडं हाय, नत्थुजी."

"वेल पाह्यला वं. आता झाड पाहून राह्यलो."

तिला आधी कळलंच नाही. पहिला घाव पडला तेव्हा कळलं. ती त्याच्या हाताला झोंबली, त्यानं बाजूला केलं, मारलं नाही, नुसतं बाजूला केलं, एखादं पोतं सरकवावं तसं. तोवर दुसरीकडं घाव सुरू झाले होते, आणि तिसरीकडं. ती गावाकडं धावली, पाटलांच्या दारात पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"पाटील, झाडं तोडून राह्यले! नत्थुजी... थोरली..."

खुशालरावांनी खाली मान घातली. "मालूम हाय."

"अडवा ना मंग!"

"कोनाले अडवू? लोक आसरायच्या भेवानं थांबत होते, मायाच्या भेवानं नाई थांबत. ते भेव तूच काढलं, जमुना. पारावर, समद्यायच्या समोर."

ती परत बनात आली. आणि मग तिनं जे केलं ते सांगतानाही कसंतरी होतं. तिनं केस सोडले, झिऱ्याच्या पाण्यात बसली आणि घुमायला लागली. अंगात आल्यासारखं. "सोडनार नाई! एकेकाले सोडनार नाई! लोखंड बाहेर न्या!" पण तिला घुमता येत नव्हतं. आयुष्यात कधी अंगात आलं नव्हतं तिच्या. मान भलतीकडं हलत होती आणि आवाज तिचाच होता, तंबाखू मागतानाचा. दोन-चार जण थांबले, एकानं कुऱ्हाड खाली सुद्धा ठेवली. मग नत्थुजी म्हणाला, "काल तं ठेच बी नाई लागली म्हने." कुणीतरी हसलं. ज्यानं कुऱ्हाड ठेवली होती त्यानं ती परत उचलली. माणिकबाई तिथंच होती, फांद्या गोळा करत, तिनं तोंड फिरवून घेतलं.

संध्याकाळी थोरली पडली. पडताना सासूला घेऊन पडली.

सगळं बन आडवं व्हायला तीन आठवडे लागले. पाटलांनी निदान वाटणी तरी नीट केली, घराप्रमाणे. राखणदारीचा मान म्हणून जमुनालाही एक झाड दिलं, कोणतंही निवड म्हणाले. तिनं एक सरळसोट, तरुण अंजन निवडलं आणि सांगितलं, हे उभंच राहू द्या. राहू दिलं. पण सगळ्या बाजूंनी झाडांच्या आधारात वाढलेलं ते अंजन, त्याला मोकळा वारा कधी माहीतच नव्हता. चैत्रातल्या पहिल्याच वावटळीत ते कमरेतून मोडलं.

आणि मग वैशाखात बातमी आली. ती साता समुद्रापलीकडची लढाई संपली. कापसाचा भाव असा कोसळला की भरलेल्या गाड्या लोकांनी वाटेतून परत फिरवल्या. गाड्या कुणाला नकोत, माड्या अर्ध्यावर थांबल्या. बनातली अर्धी लाकडं अजून उचललीसुद्धा नव्हती, ती तिथंच राहिली, उन्हानं तडकली, मग त्यांना भुंगे लागले. झिरा त्या वर्षी पहिल्यांदा आटला.

जमुना कुऱ्हाड घेऊन बार्शीटाकळीला गेली. इनायतुल्लाच्या दारात रांग नव्हती. तो रिकामाच बसला होता.

"घ्या तुमची."

"रख लो, जमनाबाई. काम येईन."

"कायच्या?"

त्यानं कुऱ्हाड घेतली, पातं पाहिलं, म्हणाला, "मीनं देल्ली नसती तं..."

"तुमी नसती देल्ली तं दुसऱ्यापासून घेतली असती," ती म्हणाली आणि उन्हात परत चालायला लागली. पाणी प्यायलासुद्धा थांबली नाही.

पावसाळा आला तेव्हा खुंटांना पालवी फुटली. धावड्याला फुटली, मोहाला फुटली, काही अंजनांनाही. तांबूस, मऊ, लहान पोराच्या कानासारखी पानं. आणि त्यांच्याबरोबर वेलही फुटले, खालून, कुणी न बोलावता. जमुना सकाळी उठून जायची, गुडघ्यावर बसून एकेका खुंटावरचा कोवळा वेल चिमटीनं उपटायची. आता हातानं तुटत होते ते. एकटीच्यानं रोज पाच-सहा खुंट व्हायचे. बन केवढं! शेवटच्या खुंटापर्यंत पोहोचेपर्यंत पहिल्यावर परत वेल चढलेला असायचा. तरी ती जात राहिली, भादव्यापर्यंत.

भादव्यात एका सकाळी ती गेली तेव्हा खुंटांमधून बकऱ्या चरत होत्या. सात-आठ. तिनं काठी घेऊन एका बाजूनं हाकलल्या, त्या दुसऱ्या बाजूनं आत. तिकडं धावली तर इकडून आत. कापसाचा भाव पडला तसं गावातल्या बऱ्याच जणांनी बकऱ्या घेतल्या होत्या, आणि चारायला गायरान उरलंच नव्हतं, ते पऱ्हाटीनं कधीच गिळलेलं.

"कोनाच्या हायेत वं ह्या?" ती ओरडली. तिचा तो आवाज, नाल्यापलीकडं ऐकू जाणारा.

एका पडलेल्या ओंडक्यामागून माणिकबाई उभी राहिली. "मायाच."

जमुनाची काठी खाली आली.

"जमुना," माणिकबाई म्हणाली, "आता इथं हायेच काय वं राखाले?"

जमुना खाली वाकली. एक पाटी, कोवळी बकरी, धावड्याच्या खुंटाची पालवी चावत होती, अर्धी डहाळी अजून तोंडाबाहेर होती. जमुनानं ती डहाळी धरली आणि ओढली. तुटून हातात आली. ती हातात धरून तशीच उभी राहिली, काय करायचं ते न कळून, आणि पाटीनं मान लांब करून तिच्या बोटांमधली पानंही खाऊन टाकली.